मुखपृष्ठासाठी एक भिंत

"वहिनी, माझ्या शेजारी बसून ब्रेक दाबत जाऊ नकोस. ते काम मी तीस वर्षं केलंय," वन्सं म्हणाल्या.

मी ब्रेक दाबत नव्हते, ॲक्सिलरेटर दाबत होते. माझ्या पायाखाली नुसती रबरी चटई आहे हे मलाही कळत होतं, पण त्या दिवशी पाय काही केल्या गप्प बसेना. दहा वाजून गेले होते, अजून पन्नास किलोमीटर जायचं होतं, आणि वन्संचा काटा साठाच्या पुढे सरकायला तयार नव्हता. वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद. आयुष्यभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, आमच्या गावातल्या निम्म्या लोकांना गाडी शिकवली. आता निवृत्त झाल्यावर गाडी कशी सावकाश चालवावी हे दाखवायची त्यांना फार हौस, आणि ती सगळी माझ्यावर भागवून घेतात.

"अकराची वेळ दिलीय मी," मी म्हणाले.

"भिंत आहे ती. सुटून जायला एसटी नाही."

आता एवढी घाई कशाची ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल साठी ओलांडलेल्या दोन बायका एका भिंतीमागे कसल्या धावत सुटल्यात.

आमचा फोटो स्टुडिओ होता. आमचे हे फोटो काढायचे आणि मी आतल्या खोलीत बसून रिटचिंग करायची. आधी निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलनं, नंतर कंप्युटरवर. गालावरचे खड्डे बुजवायचे, डोळ्याखालची काळी वर्तुळं घालवायची, कपाळावरच्या आठ्या निम्म्या करायच्या. सगळ्या घालवल्या तर माणूस ओळखू येत नाही, हे माझं मला कळलेलं शास्त्र. या कामाची गंमत अशी की ते चांगलं झालं की दिसतच नाही. गिऱ्हाईक फोटो हातात घेऊन म्हणायचं, "साहेब, मस्त काढलात." साहेब मिशीत हसायचे. मी आत पेन्सिलीला टोक करत असायची. वाईट वाटायचं का? वाटायचं. खोटं कशाला बोलू?

तीन वर्षांपूर्वी स्टुडिओ बंद केला. लोक आता मोबाइलवरच गोरे होतात, आमची गरज कुणाला? ह्यांनी कॅमेरा कपाटात ठेवला आणि टीव्हीसमोर बसले. मी कॅमेरा कपाटातून काढला आणि वन्संच्या गाडीत बसले.

पहिला फोटो काढला तो एका बंद पडलेल्या वजनकाट्याच्या केबिनचा. आडगावाबाहेर, रस्त्याच्या कडेला. ट्रकवाल्यांना वजनाची पावती द्यायला काचेला एक गोल भोक पाडलेलं होतं, आणि त्या भोकाची कड इतक्या हातांनी गुळगुळीत झाली होती की बोट फिरवावंसं वाटत होतं. त्या भोकानं मला जे वेड लावलं ते लावलंच. मग एक बंद पेट्रोल पंप, ज्याचे आकडे शेवटच्या गिऱ्हाईकापाशी थांबलेले. मग एक बसथांबा, ज्याच्या सिमेंटच्या बाकाला एकाच टोकाला खळगा पडला होता, कारण सावली फक्त तिथंच येते. मग एक टेलिफोनचा बूथ, ज्यात आता कुणी झाडू ठेवतं. या गावांतून सगळे भरधाव निघून जातात, कुणी ढुंकून बघत नाही. मी मात्र गाडी थांबली रे थांबली की उतरून धावायचे.

"लोक समुद्र बघायला जातात, डोंगर बघायला जातात," वन्सं पहिल्या खेपेला म्हणाल्या होत्या, "आणि माझ्या नशिबात वजनकाटा." पण चौथ्या खेपेला त्यांनीच करकचून ब्रेक मारला आणि ओरडल्या, "वहिनी, डावीकडे बघ, कसली भारी पाण्याची टाकी."

दोन वर्षांत चाळीस फोटो जमले. आमच्या गावातल्या छापखानेवाल्यानं ते बघितले. एरवी तो पावतीपुस्तकं आणि डायऱ्या छापतो, पण माणूस हौशी. म्हणाला, "यात काहीच नाही आणि तरी बघत बसावंसं वाटतं. पुस्तक करू." मी तीन रात्री झोपले नाही. मुखपृष्ठासाठी त्यानं नेमका तो फोटो निवडला जो मी चालत्या गाडीतून मोबाइलवर काढला होता, कारण मागे टँकर होता आणि वन्सं नियम मोडून थांबत नाहीत. एका फाट्यावरच्या सायकल दुकानाची रस्त्याकडची भिंत. रंगाचे पोपडे निघालेले, निळ्याखाली पिवळा, पिवळ्याखाली लाल, आणि त्यावर अर्धंमुर्धं उरलेलं 'सायकल'. "हेच मुखपृष्ठ," छापखानेवाला म्हणाला, "पण हललंय. नीट काढून आणा."

नीट काढायला आम्ही दोनदा गेलो. पहिल्यांदा भिंतीला खेटून ट्रक उभा, ड्रायव्हर गावात गुल. दुसऱ्यांदा अर्ध्या वाटेत आमचीच गाडी रुसून बसली. तोवर छपाईचा दिवस आला. उद्या सकाळी मुखपृष्ठ मशीनवर चढणार. आज संध्याकाळी सहापर्यंत माझा फोटो पोचला नाही, तर छापखानेवाला त्याच्या भाच्यानं ड्रोनमधून काढलेला फोटो टाकणार होता. मी पाहिलाय तो. त्यात रस्ता दिसतो, शेतं दिसतात, गाव दिसतं, म्हणजे थोडक्यात काहीच दिसत नाही. चाळीस फोटो माझे आणि दर्शनी पानावर भाचा. आयुष्य आतल्या खोलीत काढलं, आता पुस्तकातही मला आतच बसवणार होते. ते मला सोसणारं नव्हतं.

म्हणून या वेळी मी शहाणपणा केला. हललेल्या फोटोत भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात दुकानाचा फोन नंबर कसाबसा वाचता येत होता. तीन दिवस आधी मी फोन लावला. सायकलवाल्यांना सांगितलं की अमक्या दिवशी अकरा वाजता तुमच्या दुकानाचा फोटो काढायला येतेय, भिंतीपुढे कुणाला गाडी लावू देऊ नका. बस, एवढंच. निदान मला तरी एवढंच आठवत होतं.

अकराला पाच कमी असताना फाटा आला. माझ्या मांडीवर कॅमेरा, पायांत स्टँड. वन्संनी गिअर बदलला.

"कुठेय गं?"

"ते काय वळणावर," मी म्हणाले, आणि बघतच राहिले.

वळणावर एक भिंत होती. दुधासारखी पांढरी. एक पोपडा नाही, एक ओरखडा नाही. तिच्यासमोर दहा-बारा सायकली धुऊन पुसून एका ओळीत उभ्या केलेल्या. ऑइलनं काळी झालेली जमीन झाडून वर पाणी मारलेलं. आणि भिंतीच्या टोकाशी माझ्याच वयाचे एक गृहस्थ, कडक इस्त्रीचा शर्ट, ओल्या केसांचा भांग, हातात ब्रश घेऊन खालचा पट्टा ओढत होते.

आमची गाडी बघून ते लगबगीनं पुढे आले. "या ताई, या. अगदी वेळेत झालं बघा. एवढा पट्टा राहिलाय, तोवर तुम्ही चहा घ्या."

माझ्या तोंडचं पाणी पळालं आणि लगेच दुप्पट वेगानं परत आलं. मी काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. हे काय करून ठेवलंत, असं म्हणाले. तीन महिने या भिंतीसाठी जीव टाकतेय म्हणाले. पांढऱ्या भिंती मला आमच्या गावात छप्पन्न मिळतात, त्यासाठी इतकं पेट्रोल जाळून कशाला येऊ, असंही म्हणाले. सायकलवाले ब्रश हातात धरून उभे. ब्रशमधून पांढरे थेंब त्यांच्या चकचकीत बुटावर पडत होते आणि त्यांचं लक्ष नव्हतं.

"पण ताई, तुम्हीच तर सांगितलंत," ते हळूच म्हणाले.

"मी? मी काय सांगितलं?"

त्यांनी शाळेतल्या मुलासारखं पाठ म्हणून दाखवलं. "'अकरा म्हणजे अकरा. आदल्या दिवशीच नीट आवरून ठेवा. स्वच्छ, टापटीप तयार राहा. डाग-बिग काही राहू देऊ नका, फोटोत सगळं दिसतं.' मग तुम्ही फोन ठेवलात."

मी मटकन गाडीच्या बॉनेटला टेकले. बॉनेट तापलेलं होतं, तरी टेकूनच राहिले. चाळीस वर्षं स्टुडिओचा फोन मी उचलत होते. लग्नाचा फोटो असो, पासपोर्टचा असो, नोकरीच्या अर्जाचा असो, वेळ ठरली की फोन ठेवण्याआधी हीच चार वाक्यं. ती मी बोलत नव्हते, ती माझ्या तोंडातून निघायची, जशी दार लावताना कडी आपोआप सरकते. एका भिंतीलासुद्धा मी तेच सांगून बसले होते. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

वन्सं हसायला लागल्या. आधी तोंडावर हात ठेवून, मग स्टिअरिंगवर डोकं ठेवून. त्यांचा हॉर्न वाजला आणि दुकानातून सायकलवाल्यांची बायको धावत बाहेर आली. हातात ट्रे, ट्रेमध्ये नवे कप.

"आवडलं ना?" तिनं विचारलं.

सायकलवालेच म्हणाले, "त्यांना जुनी पाहिजे होती."

"जुनी?" ती म्हणाली. "अहो, दोन दिवस खपलो आम्ही. मोजणीवाले आले होते ना मागे, तेव्हापासून ह्यांनी दुकानाला हात लावला नव्हता. म्हणायचे, पुढच्या महिन्यात पाडणार, आता काय करायचंय."

तिनं उंबऱ्याकडे बोट केलं. पायरीवर लाल रंगानं एक आकडा आणि बाण काढलेला होता. रस्ता रुंद होणार होता आणि बाण दुकानाच्या पार मागे जात होता.

"पाडणारच आहेत, मग रंगवलंत कशाला?" मी विचारलं.

सायकलवाल्यांना प्रश्न कळला नाही असं वाटलं. "फोटो निघणार होता ना," ते म्हणाले.

माझा राग जागच्या जागी बसला. आता ओरडायचं कुणावर? मी चहा घेतला. तेवढ्यात त्या भल्या माणसानं आत जाऊन पत्र्याची एक पट्टी आणली आणि म्हणाला, "अजून ओलं आहे, खरवडून बघतो, खालचं निघेल." आणि मी नको म्हणेपर्यंत हातभर जागेवर पट्टी ओढलीसुद्धा. पांढरा निघाला, त्याबरोबर निळा, पिवळा, लाल सगळाच निघाला आणि गिलाव्याचा एक ढलपा त्यांच्या पायावर पडला. मी पट्टी त्यांच्या हातातून काढून घेतली.

छापखानेवाल्याला फोन लावला. "भिंत रंगवलीय," मी म्हणाले.

"मग भाच्याचा टाकतो," तो म्हणाला. एवढा पटकन म्हणाला की माझं डोकंच सणकलं.

"सहापर्यंत म्हणाला होतात. सहा वाजलेत का?" असं म्हणून मी फोन ठेवला. काय करणार होते ते माझं मलाही ठाऊक नव्हतं.

"वहिनी, पदरी पडलं पवित्र झालं," वन्सं म्हणाल्या. "ह्यांचा एक छान फोटो काढ आणि चल."

मी भिंतीपाशी गेले. ऊन समोरून सरळ भिंतीवर पडत होतं आणि ती कोऱ्या कागदासारखी सपाट दिसत होती. उगीच, काही सुचत नाही म्हणून, मी सुकलेल्या भागावर हात ठेवला. आणि हाताखाली काहीतरी लागलं.

बोटं माझी चाळीस वर्षं निगेटिव्हवर फिरलेली आहेत. केसाएवढा उंचवटा असला तरी त्यांना कळतो. रंगाखाली कड होती. जाड, वळणदार कड. मी बोट फिरवत गेले, कड खाली उतरली, वळली, पुन्हा वर आली. अक्षर. त्याच्या शेजारी आणखी एक. पेंटरनं कधीकाळी ऑइलपेंटचे जाड हात देऊन काढलेली अक्षरं, त्यावर दुसरी, त्यावर तिसरी. वरून पांढरा फासला म्हणून ती कुठे जातात?

आणि मला एकदम सगळं कळलं. स्टुडिओत आमच्या ह्यांचा एक नियम होता: लाइट समोरून मारायचा. समोरून लाइट पडला की चेहरा गुळगुळीत होतो. लाइट बाजूनं आला की मेलात, एकेक खड्डा, एकेक सुरकुती उठून उभी राहते, आणि आतल्या खोलीत माझं काम तिपटीनं वाढतं. आयुष्यभर मी आडव्या उजेडाला शिव्या घातल्या होत्या.

"दुपारनंतर ऊन कुठून येतं इथे?" मी विचारलं.

सायकलवाल्यांनी भिंतीच्या पलीकडच्या टोकाकडे, रस्त्याच्या दिशेनं हात केला. "चार-साडेचारला भिंतीच्या कडेकडेनं येतं. मग तिकडच्या गोदामामागे जातं."

"वन्सं, गाडी सावलीत लावा," मी म्हणाले. "आपण साडेचारपर्यंत कुठेही जात नाही."

ती दुपार मी कशी काढली ते मला विचारू नका. स्टँड लावला, काढला, पुन्हा लावला. चार वेळा लेन्स पुसली. सायकलवाल्यांनी खरवडलेली जागा सिमेंटनं लिंपली, त्यावर हलकासा हात मारला. वन्सं खुर्ची टाकून भिंतीपुढे पहाऱ्याला बसल्या. एक टेंपोवाला गाडी लावायला आला, त्याला त्यांनी तो रिव्हर्स कसा चुकीचा घेतोय हे इतकं सविस्तर समजावलं की तो पुढच्याच गावाला निघून गेला. साडेतीनला भिंत कोरीच होती. चारला कोरीच. वन्सं माझ्याकडे बघायचं टाळायला लागल्या.

चार वाजून दहा मिनिटांनी भिंतीवर एक रेघ उमटली.

आधी मला वाटलं डोळ्यांपुढे आलं काहीतरी. मग दुसरी उमटली. ऊन भिंतीला घासून यायला लागलं तशी एकेक कड सावली टाकत वर यायला लागली. 'सा' आला. 'य' आला. रंग कुठेच नाही, सगळं पांढऱ्यावर पांढरं, आणि तरी अक्षरं अशी ठसठशीत की आंधळ्यानं हातानं वाचावीत. मी आनंदानं वन्संच्या दंडाला चिमटा काढला. त्या रागावल्यासुद्धा नाहीत, त्या तोंड उघडं टाकून बघत होत्या.

"वहिनी, त्या पोपड्यांपेक्षा हे भारी आहे गं."

"शंभर पटीनं," मी म्हणाले. मला नाचावंसं वाटत होतं.

'सायकल'च्या खालून आणखी जुनी, आणखी मोठी अक्षरं यायला लागली. 'मार्ट'. आणि डावीकडे, जिथे माझ्या मोबाइलच्या फोटोत नुसता निळा रंग होता, तिथे दोन शब्द हळूहळू उभे राहिले. वन्संनी मोठ्यानं वाचलं. "दोघे बंधू सायकल मार्ट."

मागे काहीतरी खणकन पडलं. सायकलवाल्यांच्या हातातला पाना होता. ते भिंतीकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा पार उतरला होता. "हे नको दिसायला," ते म्हणाले आणि तरातरा आत गेले. आतून रंगाच्या डब्याचं झाकण उचकटल्याचा आवाज आला.

त्यांची बायको माझ्यापाशी आली. खालच्या आवाजात म्हणाली, "धाकट्या दिरांचं आणि ह्यांचं दुकान होतं. सतरा वर्षं झाली. दीर म्हणाले हवा भरायला कॉम्प्रेसर घेऊ, हे म्हणाले हातपंपानं काय बिघडलंय. तेवढ्यावरून शब्दाला शब्द वाढला, ते बाहेर पडले. चार किलोमीटरवर त्यांनी स्वतःचं टाकलं. ह्यांनी त्याच दिवशी तेवढे दोन शब्द निळ्या रंगानं बुजवले. आता आमच्याकडेपण कॉम्प्रेसर आहे. पण बोलणं नाही."

मी ऐकत होते. पण खरं सांगते, माझा एक डोळा भिंतीवर होता. पुढे कुणी नव्हतं. भिंत पूर्ण, अक्षरं पूर्ण, ऊन अगदी हवं तिथे. आत तो माणूस डबा ढवळत होता. मी बटण दाबलं. एकदाच. चाळीस वर्षं दुसऱ्याचे फोटो बघितलेत, कुठला जमलाय हे मला पडद्यावर न बघताही कळतं. जमला होता. माझं मुखपृष्ठ माझ्या हातात होतं.

सायकलवाले डबा आणि ब्रश घेऊन बाहेर आले. "ताई, सरका जरा. हात मारतो."

"हात मारून काही होणार नाही," मी म्हणाले. "कड तशीच राहणार."

ते थांबले. डोकं खाजवलं. मग त्यांना सुचलं. "तुम्ही स्टुडिओवाल्या ना? फोटोतून डाग घालवतात तसं हे घालवता येईल?"

येईल. अगदी सहज. दहा मिनिटांचं काम. पण ते दोन शब्द काढले की उरतं एक सायकल दुकान, आणि सायकल दुकानापेक्षा छापखानेवाल्याला भाच्याचा ड्रोन केव्हाही जवळचा. गप्प बसले असते तरी चाललं असतं. हो म्हणायचं, गाडीत बसायचं, तसाच पाठवायचा. पुस्तक कोण आणून दाखवणार होतं त्यांना? हे सगळं माझ्या मनात आलं. आलं ते आलं.

पण त्या माणसानं पडायला आलेली भिंत माझ्या एका फोनवर रंगवली होती. मी कॅमेरा स्टँडवरून काढला.

"मी काढलाय," मी म्हणाले. "तुम्ही आत होतात तेव्हा. बघा."

पडद्यावर फोटो उघडला आणि कॅमेरा त्यांच्या हातात दिला. "हा पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जाणार आहे. मला तो त्यासाठी हवाच आहे, खोटं नाही बोलत. पण भिंत तुमची आहे. नको असेल तर हे बटण दाबा. एकदा दाबलं की तो विचारील, पुन्हा दाबलं की गेला."

वन्सं माझ्याकडे वेड लागल्यासारख्या बघत होत्या. सायकलवाल्यांनी डबा खाली ठेवला, हात पँटला पुसले आणि कॅमेरा दोन्ही हातांत धरला. पडद्यावर ऊन पडत होतं म्हणून ते त्याच्यावर वाकले. त्यांचा अंगठा त्या बटणाशेजारी होता. अंगठ्याच्या नखात पांढरा रंग होता. मी दुसरीकडे बघायचा प्रयत्न केला आणि मला ते जमलं नाही.

"'दो'ची मात्रा त्यानं काढलीय," ते म्हणाले. "पेंटरला म्हणाला, मला एक तरी काढू दे. वाकडी आली बघा."

खरंच वाकडी होती.

त्यांनी कॅमेरा मला परत दिला. "राहू दे. छापा."

मी कॅमेरा छातीशी धरला. थँक्यू म्हणायला तोंड उघडलं, पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते रस्त्याच्या टोकाला, गोदामाकडे बघत होते.

"ताई, ऊन अजून किती वेळ आहे?"

"वीस मिनिटं. फार तर पंचवीस."

"त्याचा नंबर नाही माझ्याकडे," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे.

त्यांची बायको पुढे झाली. तिनं आपला मोबाइल काढला, नंबर शोधलासुद्धा नाही, सरळ लावला आणि त्यांच्या पुढे धरला. "जाऊबाई उचलतील. आम्ही रोजच बोलतो."

"रोज?"

"सतरा वर्षं. तुमचं भांडण होतं, आमचं नव्हतं."

त्यांनी फोन कानाला लावला. पलीकडे कुणीतरी बोललं, मग थोडा वेळ काही नाही, मग दुसरा आवाज आला असावा, कारण ते एकदम ताठ उभे राहिले.

"मी बोलतोय," ते म्हणाले. "...हो. मीच. फाट्यावर ये. आत्ता. नाही, कुणाला काही झालेलं नाही. अरे, ऊन जाईल, तू नीघ आधी."

छापखानेवाल्याला फोटो मोबाइलवर घेऊन पाठवायचा होता. सहाला अजून सव्वा तास होता, थांबेल तो. मी स्टँड उचलला आणि तीन पावलं मागे नेऊन पुन्हा रोवला. जवळून एकच माणूस मावत होता.